मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी बघावीत अशी कॉन्फरन्समधली भाषणं : यादी करूया

पोस्टमास्तर_सातारा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन नवीन पोरं लागलीत. दोघंही हुशार, लिनक्स येतं, नेटवर्किंग येतं, पण मेल म्हटलं की कुठल्यातरी ट्युटोरियलमधल्या कमांड डकवायच्या आणि मेल गेला की "झालं" म्हणायचं, एवढंच त्यांना आजवर कुणीतरी शिकवलंय. मेल का चालतोय हेच माहीत नसेल तर बंद पडल्यावर माणूस नुसता सर्व्हिस रीस्टार्ट करत बसतो. आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद, वाचायला लावणारच आहे, पण आधी गोडी लागावी म्हणून दुपारी जेवणानंतर एखादं भाषण लावतो, मध्येमध्ये थांबवतो, आपल्याच सर्व्हरचा लॉग शेजारी उघडून दाखवतो. त्यासाठी यादी करतोय, भर घाला.

एक अट आहे माझी, प्रॉडक्ट लाँचची भाषणं नकोत. नवीन डॅशबोर्ड आला, नवीन लायसन्स आलं, हे सगळं वर्षभरात शिळं होतं. ज्या भाषणात कुणीतरी मेलची यंत्रणा उघडून ती नेमकी कुठे मोडते ते दाखवलंय ती भाषणं टिकतात, कारण खाली एसएमटीपी, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेण्याचा नियम, अजून तोच आहे जो जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ मध्ये लिहिला, आपण त्याच्यावर थर चढवत आलोय, आणि बहुतेक दुखणी दोन थरांच्या मधल्या फटीतच निघतात.

माझ्याकडून तीन :

१) टिमो लाँगिन यांचं "एसएमटीपी स्मगलिंग", हँबर्गची सदतीसावी केऑस कम्युनिकेशन काँग्रेस (हॅकर लोकांची परिषद), डिसेंबर २०२३. सुरुवात इथूनच करा. मेलचा मजकूर संपला हे सर्व्हरला कसं कळतं, एवढ्या एकाच प्रश्नावर अख्खं भाषण उभं आहे.

२) जियानजुन चेन, वर्न पॅक्सन आणि जियान जियांग यांच्या कामावरचं ब्लॅक हॅट २०२० मधलं भाषण, मेल पाठवणाऱ्याची ओळख तपासण्यावरचे १८ हल्ले. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ह्या ओळख तपासण्याच्या तिन्ही पद्धती लावल्यात म्हणजे झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी नक्की बघा.

३) ऑरेंज त्साय यांचं प्रॉक्सीलॉगॉन ह्या एक्स्चेंजवरच्या (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) हल्ल्यावरचं, ब्लॅक हॅट आणि डेफ कॉन, ऑगस्ट २०२१. एक्स्चेंज न वापरणाऱ्यांनीही बघावं, का ते खाली कुणी एक्स्चेंजवाले सांगतीलच.


लॉगवाचक

वाचनखूण साठवली. यादी छान आहे, माझं एक टाका. झाकिर दुरुमेरिक यांचं २०१५ च्या केऑस काँग्रेसमधलं "नीदर स्नो नॉर रेन नॉर एमआयटीएम". जुनं आहे म्हणून सोडू नका. जगभरातला मेल वाटेत खरंच एन्क्रिप्ट होतो का हे त्यांच्या टीमने जीमेलचा डेटा आणि अख्ख्या इंटरनेटचं स्कॅनिंग वापरून मोजलं होतं. तेव्हा ट्युनिशियातून जीमेलकडे येणारे ९६ टक्के मेल उघड्या मजकुरात येत होते, कारण वाटेत कुणीतरी स्टार्टटीएलएसची, म्हणजे उघडी जोडणी एन्क्रिप्ट करण्याची, ऑफरच खोडत होतं.

कसं खोडतात ते बघण्यासारखं आहे. जोडणीच्या सुरुवातीला एहलो ही कमांड दिली की सर्व्हर आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो, त्यात स्टार्टटीएलएस अशी एक ओळ असते. वाटेतली फायरवॉल त्या शब्दाच्या जागी इंग्रजी एक्सची रांग भरते, अक्षरं तेवढीच ठेवते. पाठवणाऱ्या सर्व्हरला वाटतं समोरच्याला टीएलएस (एन्क्रिप्शन) येत नसेल, आणि तो मुकाट्याने उघडा मेल पाठवून देतो. कुठे एरर नाही, बाऊन्स नाही, ग्राहकाची तक्रार नाही.

ते भाषण पाहिल्यावर मी एका ग्राहकाच्या ऑफिसातून बाहेरच्या सर्व्हरला पंचवीस नंबर पोर्टवर टेलनेट केलं, म्हणजे हाताने कमांड टाइप करत जोडणी केली, आणि तीच एक्सची रांग समोर आली. जुन्या फायरवॉलमध्ये एसएमटीपी तपासणीचं फीचर कुणीतरी कधीकाळी चालू करून ठेवलं होतं. बंद केलं आणि त्याच मिनिटाला लॉगमध्ये टीएलएस दिसायला लागलं. मास्तर, पोरांना हे हाताने करून बघायला लावा, जन्मात विसरणार नाहीत.


शंकासुर_पुणे

सगळं ठीक आहे हो, पण ही यादी सिक्युरिटीवाल्यांची झाली. आपलं रोजचं रडगाणं वेगळंच असतं ना, "साहेब मेल स्पॅममध्ये जातोय", "साहेब अमक्या बँकेला मेल पोहोचत नाही", "साहेब पाच मिनिटं झाली ओटीपी आला नाही". हॅकरने एक्स्चेंज कसं फोडलं हे बघून माझा ओटीपी लवकर जाणार आहे का? ह्यावरचं भाषण सुचवा कुणीतरी, मी मनापासून विचारतोय.


पोस्टमास्तर_सातारा

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, मात्र ते १८ हल्ले बघताना तुमचाच प्रश्न सुटत जातो, कसा ते सांगतो.

मेलला फ्रॉम दोन असतात, एक पाकिटावरचा म्हणजे मेल फ्रॉम कमांडमधला, दुसरा आतल्या पत्रावरचा, जो माणसाला दिसतो. एसपीएफ पाकीट तपासतो, डीकेआयएम सही तपासतो, आणि डीमार्क विचारतो की ह्या दोघांपैकी जो पास झाला त्याचं डोमेन आतल्या पत्रावरच्या डोमेनशी जुळतं का. चेन आणि मंडळींनी दाखवलं की हे तपासणारे भाग सुटे सुटे असतात आणि एकच मेल प्रत्येकजण वेगळा वाचतो. समजा एका मेलमध्ये दोन फ्रॉम हेडर टाकले, तर तपासणारा पहिला बघून पास करतो आणि मेल क्लायंट माणसाला दुसरा दाखवतो. १० मोठे मेल पुरवठादार आणि १९ क्लायंट त्यांनी असे तपासले.

आता स्पॅमची गोष्ट. एका पतसंस्थेचं म्हणणं होतं की आमची स्टेटमेंट स्पॅममध्ये जातात, एसपीएफ तर पास दिसतोय. पास होताच, पण पाकिटावर मेल पाठवणाऱ्या कंपनीचं डोमेन होतं आणि पत्रावर पतसंस्थेचं. डीकेआयएमची सहीसुद्धा कंपनीच्याच डोमेनची. म्हणजे एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क फेल. हे लॉगमध्ये बघून लगेच ओळखायचं असेल तर तो फरक डोक्यात पक्का बसायला लागतो, आणि हल्लेखोराच्या बाजूने बघितल्यावर तो जितका पक्का बसतो तितका कुठल्याही "डीमार्क पाच मिनिटांत" व्हिडिओने बसत नाही.


शंकासुर_पुणे

हे पटलं. पाकीट आणि पत्र वेगळं हे माहीत होतं, पण दोन्ही पास होऊनही डीमार्क फेल हे आमच्याकडेही चालू असेल असं वाटायला लागलंय, उद्या बघतो.


मधुमालती

शंकासुर, पोहोचण्याच्या विषयावर एमथ्रीएएडब्ल्यूजीचे ट्रेनिंग व्हिडिओ बघा. ही मेल गैरवापराविरुद्ध काम करणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे, २००४ पासूनची. त्यांच्या बैठका फक्त सभासदांसाठी असतात, पण शिकवणीचे काही व्हिडिओ त्यांनी यूट्यूबवर सगळ्यांसाठी ठेवलेत. संथ आहेत, स्लाइडवर स्लाइड आहेत, पण बोलणारी माणसं रोज हेच काम करणारी.

आणि गूगल, याहूचे फेब्रुवारी २०२४ पासूनचे नियम त्याबरोबर वाचाच. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली हव्यात. इथे खूप लोक एक गोष्ट चुकतात, हा ५,००० चा आकडा सबडोमेन धरून अख्ख्या मुख्य डोमेनचा मोजला जातो. आमच्याकडे विद्यापीठात परीक्षा विभागाचं सबडोमेन वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, प्रत्येकाला वाटत होतं आपण थोडेच पाठवतो. निकालाच्या दिवशी सगळं मिळून बघा.

एसपीएफचं अजून एक. आरएफसी ७२०८ मध्ये डीएनएस बघायला लावणाऱ्या टर्म १० पर्यंतच चालतात असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक विभाग आपापला वेंडर आणतो, प्रत्येक वेंडर म्हणतो आमचा इन्क्लूड टाका, त्या इन्क्लूडच्या पोटात आणखी चार इन्क्लूड. दहाच्या वर गेलं की पर्मएरर, आणि मग कालपर्यंत चाललेला मेलही नापास. नवीन वेंडर आला की आधी मोजायचं आणि मगच डीएनएसला हात लावायचा, हा नियम मी भांडून करून घेतलाय.


नेरूळचा_एक्स्चेंजवाला

मास्तरांनी बोलावलंच आहे तर सांगतो.

ऑरेंज त्साय यांच्या भाषणात निम्मा वेळ हॅकिंग नाहीच, एक्स्चेंज आतून कसं बनलंय तेच आहे. क्लायंट पुढच्या भागाशी ४४३ वर बोलतो, पुढचा भाग ती विनंती मागच्या भागाकडे ४४४ वर ढकलतो, आणि ढकलताना तो स्वतःच्या मशीन खात्याने, कर्बेरॉसने ओळख देतो. म्हणजे पुढच्या भागाला "ही विनंती कुठे पाठवायची" याबाबत कुणी फसवलं तर मागचा भाग त्या फसव्या विनंतीवर डोळे झाकून विश्वास ठेवणार, कारण ती घरच्याच माणसाकडून आली. प्रॉक्सीलॉगॉनमध्ये हे एका कुकीने झालं. मी कित्येक वर्षं एक्स्चेंज चालवतोय, अधिकृत ट्रेनिंगही घेतलंय, पण पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी कसे बोलतात हे इतकं स्वच्छ मला त्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या भाषणाची तारीख लक्षात ठेवा. त्यात प्रॉक्सीशेल हा एक्स्चेंजवरचा दुसरा हल्लाही होता, ज्याचे पॅच एप्रिल-मे २०२१ मध्येच आले होते. ऑगस्टमध्ये भाषण झालं आणि काही दिवसांत जगभर स्कॅनिंग सुरू झालं. ज्यांनी वेळेवर पॅच लावला होता त्यांनी भाषण शांतपणे बघितलं, बाकीच्यांची रात्र लॉग चाळण्यात गेली. म्हणून माझं सांगणं, ब्लॅक हॅट, डेफ कॉनची भाषणांची यादी आधीच जाहीर होते ती जुलैमध्येच वाचायची. आपल्या सॉफ्टवेअरचं नाव त्यात दिसलं की पॅच लावण्याची ती शेवटची तारीख समजायची.

एक्स्चेंजवाल्यांसाठी एमईसी २०१४, ऑस्टिन. ही खास एक्स्चेंजची परिषद होती आणि बोलणारे बरेचसे ते सॉफ्टवेअर बनवणारेच लोक. ट्रान्सपोर्ट, डेटाबेसच्या प्रती, सर्व्हर किती आणि कसे मांडायचे, ह्यावरची भाषणं एक्स्चेंज २०१३ ची आहेत पण मूळ रचना २०१६, २०१९ मध्येही बरीचशी तीच राहिली, म्हणून अजून उपयोगाची. अडचण एकच, ती मायक्रोसॉफ्टच्या चॅनल नाइन ह्या व्हिडिओ साइटवर होती आणि ती साइट बंद झाल्यापासून जुन्या लिंक मोडल्यात, कुठे यूट्यूबवर सापडल्या तर लगेच उतरवून ठेवा. २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अजून त्याच्यावर कुणी बसलं असेल तर व्हिडिओ नंतर बघा, आधी एक्स्चेंजच्या नव्या सबस्क्रिप्शन एडिशनकडे चला.


नवशिका_कोल्हापूर

वाचतोय सगळं, खूप भारी धागा. मी मास्तरांकडचा नाही पण तसलाच नवीन आहे. स्मगलिंगचं भाषण काल रात्री बघितलं, इंग्रजी कळलं, गंमतही वाटली, पण एक कळलं नाही. खोटा मेल असताना एसपीएफ पास कसा होतो? एसपीएफ आयपी बघतो ना?


पोस्टमास्तर_सातारा

शाब्बास, नेमकी जागा पकडलीस. सावकाश वाच.

एसएमटीपीमध्ये डेटा कमांड दिली की मजकूर सुरू होतो. संपल्याची खूण अशी, ओळ संपली, मग एकटं टिंब, मग परत ओळ संपली. आता "ओळ संपली" म्हणजे काय? नियमाने दोन अक्षरं, कॅरेज रिटर्न आणि त्याच्या मागे लाइन फीड. पण युनिक्सच्या जगात नुसत्या लाइन फीडनेही ओळ संपते, म्हणून काही सर्व्हर उदार मनाने नुसता लाइन फीडही चालवून घेत होते.

आता समज एका मोठ्या पुरवठादाराकडे तुझं साधं खातं आहे. तू मेल लिहिलास, मजकुराच्या मधोमध लाइन फीड, टिंब आणि परत ओळ संपल्याची खूण अशी अर्धवट जोडी घातलीस, आणि त्याच्या खाली मजकूर म्हणूनच लिहिलंस, मेल फ्रॉम त्याच पुरवठादाराचा ॲडमिन, आरसीपीटी टू अमका, डेटा, आणि मग खोटं पत्र. पुरवठादाराचा सर्व्हर ती अर्धवट जोडी खूण मानत नाही, त्याच्या लेखी हा एकच मेल, त्याने जसाच्या तसा पुढे पाठवला. घेणारा सर्व्हर मात्र उदार. तो म्हणतो टिंब आलं, पहिला मेल संपला. पुढच्या ओळी त्याला नव्या कमांड वाटतात, तो दुसरा मेल घ्यायला लागतो. आणि हे सगळं चाललंय कुठल्या जोडणीवर? पुरवठादाराच्याच खऱ्या आयपीवरून. म्हणून एसपीएफ पास, डोमेन जुळतंय म्हणून डीमार्कही पास.

दोन सर्व्हरपैकी एकही एकटा बघितला तर धड चुकीचा वाटत नाही, दोघांची समजूत वेगळी म्हणून भोक पडतं. म्हणून हे भाषण मी पहिलं ठेवलंय.

आता तुझ्या सर्व्हरचं बघ. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर असेल तर आवृत्ती ३.८.४, ३.७.९, ३.६.१३ किंवा ३.५.२३ किंवा त्यापुढची हवी, त्यात एसएमटीपीडी फॉरबिड बेअर न्यूलाइन हे सेटिंग आलं. ३.९ पासून ते मुळातच चालू असतं, आधीच्या आवृत्त्यांत हाताने चालू करायचं. ही माहिती १८ डिसेंबर २०२३ ला जाहीर झाली आणि पोस्टफिक्सवाल्यांना ऐन नाताळच्या आठवड्यात तोडगे द्यावे लागले. एक्झिमवाल्यांनी ४.९७.१ बघा, सेंडमेलवाल्यांनी ८.१८.


नवशिका_कोल्हापूर

आत्ता कळलं. आमची आवृत्ती ३.६.४ निघाली, उबुंटूची. मग बदलायची का सगळी?


लॉगवाचक

थांब, घाई नको. उबुंटू, डेबियन सुरक्षेचे तोडगे जुन्या आवृत्तीतच मागे नेऊन बसवतात, नंबर तोच दिसतो पण शेवटचं शेपूट बदललेलं असतं. पॅकेजचा चेंजलॉग उघड, त्यात ह्या दोषाचा क्रमांक, सीव्हीई २०२३-५१७६४, शोध. सापडलं तर तोडगा आलाय, मग पोस्टकॉन्फ कमांडला ते सेटिंग विचार आणि बंद असेल तर चालू कर. चालू केल्यावर आठवडाभर रिजेक्टचे लॉग बघ, कारण जुने स्कॅनर, प्रिंटर, सीसीटीव्हीच्या पेट्या आणि कुणीतरी हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट नुसत्या लाइन फीडवर मेल पाठवतात आणि मग अकाउंट्सवाले विचारतात आमचे स्कॅन कुठे गेले. त्यांच्यापुरता आतल्या नेटवर्कचा अपवाद करता येतो.


फ्रँकफुर्टातून

स्टार्टटीएलएसचा विषय निघालाच आहे तर दुसरं भाषण पण जोडा, युझनिक्स सिक्युरिटी २०२१, "व्हाय टीएलएस इज बेटर विदाउट स्टार्टटीएलएस", पोडेबनियाक, इझिंग, ब्योक आणि शिंत्सेल. मेल क्लायंट आणि सर्व्हर मिळून ४० हून जास्त दोष सापडले. जोडणी आधी उघडी सुरू करायची आणि मध्येच कुलूप लावायचं, ह्या मधल्या क्षणात कुणीतरी आपल्या कमांड घुसवतं आणि त्या कुलूप लागल्यानंतरच्या समजल्या जातात. कृती सोपी आहे, वापरकर्त्यांना ४६५, ९९३, ९९५ द्या, म्हणजे पहिल्या अक्षरापासून टीएलएस. आरएफसी ८३१४ हेच सांगतो २०१८ पासून. सर्व्हर ते सर्व्हर २५ वर मात्र स्टार्टटीएलएसच आहे, तिथे टीएलएस सक्तीचं करणारं एमटीए-एसटीएस किंवा डेन लावा.

केऑस काँग्रेसचे व्हिडिओ त्यांच्या स्वतःच्या मीडिया साइटवर असतात, जाहिराती नाहीत, फाइल सरळ उतरवता येते, नुसता आवाजही मिळतो. जर्मन भाषणांना बरेचदा इंग्रजी दुभाष्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, तो शोधा, जर्मन दिसलं म्हणून बंद करू नका. युझनिक्सचंही तसंच, पेपर, स्लाइड, व्हिडिओ एकाच पानावर फुकट. त्यांची लिसा परिषद १९८७ ते २०२१ चालली, सिस्टीम ॲडमिन लोकांचीच, तिचं जुनं भांडार अजून उघडं आहे.


बेळगावी_रूट

मेल सर्व्हर बांधणाऱ्यांचं कुणी बोललंच नाही. फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद बघा की. ब्रसेल्सला दरवर्षी साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला, विद्यापीठाच्या वर्गांत, फुकट, नोंदणी पण नाही. २०२४ ला तिथे मॉडर्न ईमेल नावाची खास खोली होती. त्यातलं एरोग्रामवरचं भाषण बघा, वेगवेगळ्या शहरांत पसरलेला आयमॅप सर्व्हर (मेलबॉक्स ठेवून क्लायंटला दाखवणारा) कसा बांधायचा. तुम्ही तो सर्व्हर कधीच लावणार नाही, तरी बघा. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला यूआयडी, म्हणजे क्रमांक, असतो आणि तो चढताच असला पाहिजे. एकाच सर्व्हरवर सोपं आहे, पण दोन शहरांत एकाच वेळी मेल आला तर पुढचा नंबर कुणी द्यायचा? सगळी कसरत ह्या एका नियमापायी. हे बघितलं की बॅकअपवरून मेलबॉक्स परत आणल्यावर क्लायंट सगळे मेल पुन्हा का उतरवतात तेही कळतं, कारण यूआयडी व्हॅलिडिटी, म्हणजे जुने यूआयडी अजून चालतात का ते सांगणारा आकडा, बदललेली असते.

आयमॅपच्या जागी येऊ पाहणाऱ्या जेमॅपवरचं काही मिळालं तर तेही बघा, आरएफसी ८६२० आणि ८६२१, २०१९ चे. माझ्या मते पुढची दिशा तीच आहे.


मधुमालती

मराठी संस्थळावर बोलतोय म्हणून एक विषय मला टाकायचाच आहे. देवनागरी मेल पत्ता. देवनागरीतलं .भारत डोमेन २०१४ साली आलं, त्यात मराठीही आहे, कोंकणीही आहे. त्याच वर्षी जीमेलने असे पत्ते ओळखायला सुरुवात केली. जयपूरच्या कंपनीचं डेटामेल २०१६ ला आलं. आणि तरीही आज माझ्या आजीच्या नावाचा देवनागरी पत्ता काढला तर अर्ध्या सरकारी फॉर्मवर तो चालत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ह्यावरची भाषणं डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनच्या युनिव्हर्सल ॲक्सेप्टन्स (सगळ्या लिप्यांतले पत्ते सगळीकडे चालावेत) दिनाच्या कार्यक्रमांत मिळतात, २०२३ पासून २८ मार्चला धरून भरतात, रेकॉर्डिंग खुली असतात. ॲडमिनच्या कामाचा भाग थोडा आहे पण महत्त्वाचा आहे. वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने एहलोच्या उत्तरात एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे असे पत्ते मला चालतात, असं म्हटलं पाहिजे. एकाने जरी म्हटलं नाही तर मेल बाऊन्स, वाटेत पत्ता बदलून पुढे नेण्याची सोय आरएफसी ६५३१ मध्ये नाही. पोस्टफिक्समध्ये ३.० पासून हे आहे, २०१५ पासून. तुमचा पोस्टफिक्स हो म्हणतो, पण मागे बसवलेला स्पॅम फिल्टर किंवा व्हायरस स्कॅनर नाही म्हणतो, आणि तिथे मेल पडतो. लॉगवाचकांनी सांगितलेली टेलनेटची युक्ती इथेही चालते, फक्त आतल्या प्रत्येक पोर्टवर करा.


शंकासुर_पुणे

मधुमालतीताई, हा मुद्दा कुणी काढेल असं वाटलं नव्हतं, आत्ताच बघितलं, आमचा बाहेरचा हो म्हणतो आणि मागचा गेटवे गप्प. तिकीट टाकलंय.

कालचं पण सांगतो. डीमार्कचे एकत्रित रिपोर्ट उघडले. पेरोलची स्लिप पाठवणारी कंपनी, सही तिच्याच डोमेनची. आमच्या डोमेनची डीकेआयएम किल्ली मागितली, सिलेक्टर (त्या किल्लीचं नाव) डीएनएसमध्ये टाकला, आजच्या स्लिपा पास आहेत. म्हणजे मास्तरांचं म्हणणं मान्य. ओटीपीच्या उशिराचं मात्र उत्तर अजून मिळालेलं नाही.


नेरूळचा_एक्स्चेंजवाला

उशीर म्हणजे रांग. रांग म्हणजे आधी कोण अडवतंय ते बघायचं, समोरचा ४५० (आत्ता नाही, नंतर या) देतोय की आपल्याच पोटात अडकलंय. समोरच्याने ग्रेलिस्ट केलं असेल, म्हणजे अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थांबवलं असेल, तर पहिल्या फेरीत तात्पुरता नकार मिळतो आणि तुमचा सर्व्हर पुन्हा कधी प्रयत्न करतो त्यावर तुमची पाच मिनिटं ठरतात. ओटीपीची रांग जाहिरातीच्या रांगेपासून वेगळी करा, आयपी पण वेगळा, निम्मं दुखणं तिथेच जातं.

पोटात अडकण्याचं मोठं उदाहरण १ जानेवारी २०२२. जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरवर मेल रांगेत तुंबले. मालवेअर स्कॅनरची आवृत्ती तारखेवरून बनायची, वर्ष महिना दिवस आणि पुढे क्रमांक. त्या दिवशी आकडा झाला २२०१०१०००१, आणि तो ज्या चौकटीत ठेवायचा तिची मर्यादा २१४७४८३६४७. आकडा मावेना, स्कॅनर उठेना, आणि स्कॅन झाल्याशिवाय मेल पुढे जाईना. मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती काढली तिचा क्रमांक २११२३३०००१, म्हणजे डिसेंबरची ३३ तारीख. ज्यांना ट्रान्सपोर्टचे टप्पे माहीत होते त्यांनी इव्हेंट लॉगमध्ये एफआयपी-एफएसची ओळ बघितली, स्कॅनिंग तात्पुरतं बाजूला केलं आणि मेल सोडला. ज्यांना रांग म्हणजे नुसता एक आकडा वाटत होता ते नवीन वर्षाच्या पहाटे सर्व्हर रीबूट करत होते. म्हणून एमईसीमधली ट्रान्सपोर्टची भाषणं बघा म्हणतो.


लॉगवाचक

भारतातल्यांसाठी एक जोडतो. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. डिस्ट्रोमध्ये मेल लॉगचं रोटेशन बरेचदा चार आठवड्यांचंच असतं. ऑरेंज त्साय यांचं भाषण बघताना पोरांना एक प्रश्न विचारा, हे आपल्याकडे तीन महिन्यांपूर्वी झालं असतं तर आज आपल्याला कुठल्या फाइलमध्ये दिसलं असतं? फाइलच नसेल तर आधी ते दुरुस्त करा. घड्याळं एनटीपीवर आहेत का तेही बघा, दोन सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळेचा फरक असला की सहा तास तो जुळवण्यातच जातात.


पोस्टमास्तर_सातारा

सगळ्यांचे आभार. आमच्या पोरांसाठी क्रम असा ठरवलाय. आधी स्मगलिंग, कारण त्यात मुळापासून एसएमटीपी येतो. मग दुरुमेरिक आणि लगेच टेलनेट. मग स्टार्टटीएलएसवालं. १८ हल्ले त्यानंतर, डीमार्कचे आपले स्वतःचे रिपोर्ट शेजारी ठेवून, हे दोन दिवसांत तोडणार. ऑरेंज त्साय यांचं शेवटी, लॉगवाचकांच्या प्रश्नासकट. फॉसडेमचं ज्याला आवडेल त्याने घरी बघायचं.

व्हिडिओ सगळे ऑफिसच्या डिस्कवर उतरवून ठेवतोय, चॅनल नाइनचं ऐकल्यावर लिंकवर भरवसा नाही. मराठीत टिपणं काढायला सांगितलीयेत दोघांना. प्रत्येक भाषणामागे एक पान, त्यात आपल्या सर्व्हरवर काय तपासलं आणि काय निघालं तेवढंच. दोघं तयार असतील तर इथेच टाकेन. पहिलं पान आलंय, पोस्टफिक्सच्या मागे एक जुना स्कॅनर नुसता लाइन फीड पाठवतोय म्हणे, आयपी शोधणं चालू आहे.